संकासुराचा दोर

बाबांना जाऊन आठवडा झालाय आणि समाचाराला येणारं प्रत्येक माणूस आमच्या ओटीवर बसून हसतंय. आधी मला संताप यायचा. पण बाबांची आठवण काढायची आणि हसायचं नाही, हे कोणालाच जमत नाही. डोळे पुसत पुसत लोक त्यांच्या खोड्या सांगतात आणि निघताना आईला म्हणतात, असा माणूस होणे नाही. मी आत चहा उकळत राहते. ओटीवर कोणी ज्यांची गोष्ट काढत नाही, ते बाबाही मी पाहिलेत.

मिरकरवाडा बंदरातल्या बर्फाच्या कारखान्यात बाबांनी उभा जन्म काढला. लोखंडी आकडा मारून लादी ओढायची, ती फोडायच्या यंत्रात ढकलायची आणि चुरा होड्यांवर चढवायचा, हे काम. यंत्राच्या आवाजानं कान बधिर व्हायचे. हाताच्या भेगांतून रक्त यायचं. आई त्यात खोबरेल भरायला लागली की बाबा "मेलो, मेलो, पोलिसांना बोलवा!" म्हणून वाडी गोळा करायचे. मासळीच्या दिवसांत सलग दोन पाळ्या करून आले तरी जेवणाच्या ताटावर गाऱ्हाणं घातल्याशिवाय घास घ्यायचे नाहीत. "बा देवा म्हाराजा, आजची आमटी विहिरीवर जाऊन आंघोळ करून आलेली हाय, ती उद्या तरी घट्ट होऊं दे रे म्हाराजा!" आम्ही भावंडं ओरडायचो, "व्हय म्हाराजा!" आई डाव उगारायची.

त्यांचं प्रेम म्हणजे मारामारीच होती. पाठीत अशी थाप घालायचे की श्वास अडकायचा. पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, डोहात मला उचलून फेकायचे, वर आले की परत फेकायचे. आम्हीही त्यांना चावायचो, ओरबाडायचो. तो दणदणीत हात आपल्याला कधी खरा लागणार नाही, ही खात्री असल्यामुळे आम्ही वाट्टेल तेवढा मार मागून घ्यायचो.

म्हणूनच शिमग्याच्या खेळ्यांत संकासूर बाबांकडेच असायचा. काळा अंगरखा, तोंड झाकणारी उंच काळी टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं आणि हातात काथ्याचा पिळलेला दोर. खेळे गावोगाव फिरतात, घरोघरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, नाचतात, आणि संकासूर समोर येईल त्याला दोरानं झोडतो. फटका लागला की वर्षाची इडापिडा जाते असं आमच्याकडे मानतात, म्हणून म्हाताऱ्यासुद्धा पाठ पुढे करतात. संकासुरावर उलट हात मात्र कोणी टाकायचा नाही. टोपी डोक्यावर आहे तोवर तो देवाचा.

बाबांची धाकटी बहीण, माझी आत्या, डोंगरापलीकडच्या गावात दिली होती. तिच्या नवऱ्याला काका म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही. तो आत्याला मारायचा. बाबांना कुणकुण होती, पण मुलीकडच्यांनी करायचं काय? एकदा ते भलीमोठी सुरमई घेऊन गेले आणि हात जोडून म्हणाले, "पावणे, आमच्या पोरीचं काय चुकत असंल तर मला सांगा. पन हात नको." पाहुण्यानं हसून मान डोलावली. सुरमई खाल्ली, आणि बाबांची पाठ वळताच आत्याला लाथेनं तुडवलं. भावाजवळ तक्रार केलीस म्हणून.

मी बारावीची परीक्षा देऊन शिमग्याला आत्याकडे गेले होते. तिथं मला त्या घराची रीत कळली. तो आधी टीव्हीचा आवाज वाढवायचा. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. मालिकेतली माणसं मोठमोठ्यानं बोलायला लागली की आत्या हातातलं काम खाली ठेवून भिंतीला टेकायची, आणि सासू देवाजवळ जाऊन बसायची. त्या दिवशी पेज खारट झाली होती. त्यानं चुलीवरचा टोप उचलला आणि उकळती पेज तिच्या हातावर ओतली. ती वाकली तसे तिचे केस धरून डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा नव्हे. मी मध्ये पडले तर मला भिरकावून दिलं. मी कोपऱ्यात पडून ते पाहत होते, आणि त्याला जीव जाईपर्यंत मारावं असं मला वाटत होतं. तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं.

दुसऱ्या दुपारी आमच्या गावचे खेळे तिथल्या देवळात आले. बाबा पायरीवर बसून घुंगरं बांधत होते. मला पाहून त्यांनी नेहमीसारखी थाप घालायला हात उचलला. मी म्हटलं, "बाबा, आत्याचा हात भाजलाय. कोपरापर्यंत कातडं सोललंय. हा असाच एक दिवस तिला मारून टाकील." त्यांनी सगळं ऐकून घेतलं. घुंगरांची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली आणि एवढंच विचारलं, "खळ्यात असंल काय तो?"

मी हो म्हटलं. मग त्यांनी टोपी चढवली.

आत्याच्या खळ्यात सारी वाडी जमली होती. मृदंग वाजत होता. बाबा आल्या आल्या नाचले, सासूबाईंना घाबरवलं, एका म्हाताऱ्याच्या डोक्यावरची टोपी पळवली. लोक खिदळत होते. मग ते आत्याच्या नवऱ्यासमोर गेले आणि त्याच्या पाठीत दोर बसला. हशा झाला. दुसरा बसला, अजून मोठा हशा. मेव्हण्याकडून दाजीला प्रसाद! पोरांनी मोबाइल वर धरले. तिसरा फटका मानेवर बसला, चौथा तोंडावर. तो कळवळून खाली बसला, तर मृदंगवाल्याला वाटलं खेळ रंगलाय, आणि त्यानं लय वाढवली.

बाबा त्या लयीवर मारत होते. ओठ फुटला. नाकातून रक्ताची धार लागली. त्यानं उठायचा प्रयत्न केला तेव्हा बाबांनी छातीत लाथ घातली आणि तो सारवलेल्या खळ्यावर उताणा पडला. दोर त्याच्या हातांवर, कानावर, डोळ्यावर पडत राहिला. तो "मेलो" म्हणून ओरडला, आणि शिमग्यात ओरडतात तसंच ते वाटलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अजून मारा. मी तसं ओरडलेही. हळूहळू लोकांचं हसू आटलं. मृदंग थांबला. तरी दोर थांबला नाही. नुसता दोराचा आणि घुंगरांचा आवाज येत राहिला.

तेव्हा आत्या माजघरातून धावत आली. भाजलेला हात तिनं छातीशी धरला होता. नवऱ्याला वाचवायला नाही आली ती. ती मला नंतर म्हणाली की अजून चार फटके बसले असते तर तो मेला असता आणि माझा दादा फासावर गेला असता. ती मध्ये शिरली त्या क्षणी बाबांचा हात वर होता. तो थांबण्यासारखा नव्हता. दोर तिच्या भाजलेल्या हातावरून गालापर्यंत सपकन बसला.

ती ओरडली नाही. तिनं टोपीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आता तू पन, दादा?"

बाबांच्या हातातून दोर गळला. त्यांनी भर खळ्यात टोपी उतरवली. असं कोणी कधी करत नाही. खेळे "नको, नको" म्हणून ओरडले, पण ती उतरली होती, आणि तिथं आता संकासूर नव्हता, फक्त बायकोचा भाऊ होता. नवऱ्याचे दोघे भाऊ दांडे घेऊन तुटून पडले. रोज अख्ख्या लाद्या ओढणारा माणूस, त्यानं मनात आणलं असतं तर दोघांना लोळवलं असतं. बाबांनी हात वर केला नाही. डोक्यावर दांडा बसला, रक्त मानेवर उतरलं, ते गुडघ्यावर आले, तरी ते आत्याच्या गालाकडेच बघत होते. खेळ्यांनी त्यांना ओढून बाहेर काढलं. मागून आत्या आली, अंगावरच्या कपड्यांनिशी, टोपी हातात घेऊन. ती परत गेली नाही.

पुढं पोलीस झाले, गावकी झाली. आत्यानं चौकीवर भाजलेला हात पुढे केला, आणि तो माणूस पुन्हा आमच्या उंबऱ्याशी आला नाही. टोपी उतरवली म्हणून गावकीनं बाबांकडून संकासूर काढून घेतला. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. ती घरी आली त्या रात्री त्यांनी ताटावर गाऱ्हाणं घालायचा प्रयत्न केला. "बा देवा म्हाराजा, आमची पोर..." एवढंच म्हणून त्यांनी आपलं ताट आत्याकडे सरकवलं.  शेवटी आत्याच म्हणाली, "व्हय म्हाराजा." तिच्या गालावर दोराचे पीळ उमटलेले दिसत होते.

बाबा पुढंही हसवत राहिले. कारखान्यात घाम गाळत राहिले, आत्याला शिवणयंत्र आणून दिलं, तिच्या शिवणकामाची चेष्टा करत राहिले. पण त्यांची थाप पुन्हा कोणाच्या पाठीत पडली नाही. मी मुद्दाम जाऊन पाठ द्यायचे. ते हात मागं घ्यायचे. त्या थापेसाठी मी आजही तडफडते.

आज दुपारी शेजारी नव्यानं राहायला आलेल्या काकी आल्या होत्या. हसून, रडून झाल्यावर पदर सावरत म्हणाल्या, "एवढा दांडगा माणूस, पन कवा कोनाला बोट लावलान नाय हो."

आत्या मशीनवर बसली होती. तिनं पाय थांबवला.

"मला मारलान की," ती म्हणाली, आणि गालावरून हात फिरवला. "माज्या जन्मातला शेवटचा मार त्याच्या हातचा. त्यानंतर मला कोनी हात लावला नाय."