दोघांचा एकच डाव

माझ्या मामीला आमच्या घरात ‘पूर्णविराम’ म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, कारण तिच्या हातात नेहमी कात्री असते. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच ती ते संपवून टाकते. बहुतेक वेळा बरोबरच संपवते आणि म्हणून तर जास्त राग येतो.

घराच्या पुढच्या खोलीत तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. नवीन ती काही शिवत नाही. पॅंट आखूड करायची, चेन बदलायची, उसवलेलं शिवायचं, एवढंच. पण कुठे काही उसवलेलं दिसलं की तिला राहवत नाही. एकदा बसमध्ये पुढच्या सीटवरच्या अनोळखी बाईच्या कॉलरला धागा लोंबत होता, तो हिने वाकून दाताने तोडला. ती बाई किंचाळली. “आभार मानायचे राहिले बाजूला,” असं म्हणून मामीच वर तिच्यावर रुसली.

मामा अगदी उलट. एका मोठ्या गोदामातल्या क्रेनवर त्याची सगळी नोकरी गेली. दिवसभर वर काचेच्या केबिनमध्ये एकटा बसायचा आणि खालचा माणूस हातवारे करेल तसं ओझं उचलायचं, फिरवायचं, ठेवायचं. बोलायची सवय तिथेच सुटली असावी. घरातलं बोलायचं काम मामीकडे होतं आणि ते दोघांना मान्य होतं. संध्याकाळी दुकान बंद झालं की दोघं टेबलाशी रमी खेळायला बसायची. मामा तिला सडकून हरवायचा. मग मामी तणतणायची, मामाने पत्ते नीट पिसलेच नाहीत म्हणायची, आणि तो शांतपणे पुढचा डाव वाटायचा. त्या दोघांचं प्रेम बघायचं असेल तर त्या वेळी जायचं, असं मी सगळ्यांना सांगायचे.

मग मामाला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ अडखळायला लागली. डॉक्टर म्हणाले, “डोकं ठणठणीत आहे. सगळं समजतं. फक्त शब्द यायला वेळ लागतो, तेवढा वेळ द्या.”

वेळ द्या! आणि हे मामीला! मामाने ‘पा’ म्हणायचा अवकाश, पाण्याचा पेला हजर. त्याला पाणी नको असायचं, पायाखालचं स्टूल हवं असायचं. पण ते सांगेपर्यंत पेला तोंडाला लागलेला असायचा. पाणी सांडलं की लगेच, “असू दे, असू दे. तुमचं काही नाही चुकलं, पेलाच मेला निसरडा.” शर्टाची बटणं वरखाली लागली तर दोष काजांचा. कशातच मामाची चूक नसायची, आणि हे सगळं ती मायेनेच करत होती, म्हणून तिला कोणी काही बोलूही शकत नव्हतं.

पत्त्यांचंही तेच झालं. एका हाताने पत्ते धरता येत नाहीत म्हणून तिने खाच असलेली लाकडी पट्टी करून घेतली, पत्ते त्यात उभे करायचे. इथवर ठीक होतं. मग तिने मुद्दाम हरायला सुरुवात केली. मामाला दोनचार दिवस शंका आली असेल. एका संध्याकाळी तो जिंकला, आणि जिंकल्या जिंकल्या त्याने डाव्या हाताने तिचे पत्ते उलटे केले. तिचा डाव केव्हाच लागलेला होता. त्याने ती पट्टी पत्त्यांसकट टेबलावरून ढकलली आणि काठी टेकत खिडकीपाशी जाऊन बसला.

त्यानंतर तो टेबलाशी आलाच नाही. जेवणसुद्धा खिडकीपाशी, रस्त्याकडे तोंड करून. मामी काही दिवस टेबलावरून एकटीच बोलत राहिली, मग तीही थांबली. त्या घरात शिलाई मशीनचा आवाज सोडला तर काही ऐकू येईना. मला तिथे जाणं नकोसं झालं होतं. तरी जायचे आणि दोघांवर मनातल्या मनात चिडून परत यायचे.

“त्यांना हरवायला माझा हात धजत नाही,” मामी मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. “आणि आपण हरलो तर त्यांना कळतं. मी करू काय? हा माणूस असाच तिथे बसून राहिला ना, तर एक दिवस…”

तिने स्वतःचं वाक्य अर्धवट सोडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. आमच्याकडची नर्स तिच्या लेकीबरोबर एका वेगळ्या तऱ्हेचे खेळ खेळते, ते मला आठवलं. मी मामीला सांगितलं, “असे खेळ मिळतात, ज्यात दोघं एकाच बाजूला असतात. जिंकले तर दोघं, हरले तर दोघं.”

“मग समोर कोण?”

“खेळच समोर.”

मामीने विचार केला. “म्हणजे नवरा-बायकोने मिळून तिसऱ्याशी भांडायचं. ते आम्हाला जमतं. शेजाऱ्यांना विचार.”

दुसऱ्या दिवशी आम्ही खेळांच्या दुकानात गेलो. दुकानाची मालकीण माझ्याच वयाची, आवाज एकदम शांत. मामीने तिला सळो की पळो करून सोडलं. कापड बघावं तसा प्रत्येक खोका उघडून चिमटीत धरून बघितला. वाळूचं घड्याळ असलेला नको, घाई चालणार नाही. बारीक अक्षरं नकोत. सोंगट्या जाड हव्यात, डाव्या हातात बसतील अशा. मनोरे रचायचे नकोत, हात थरथरतो. नियम एका पानाहून जास्त नकोत.

“आणि सोपा द्या,” ती शेवटी म्हणाली. “सगळ्यात सोपा.”

मालकीणबाईंनी दोन खोके पुढे केले आणि दोन्हींबद्दल काही सांगू लागल्या. मामीने त्यांचं वाक्य संपवून टाकलं आणि सोपा उचलला. वादळ यायच्या आत होडीतून माणसं पलीकडे पोचवायची, असा खेळ होता. पत्ते सगळे उघडे, टेबलावर मांडलेले.

त्या संध्याकाळी आम्ही मामाला कसंबसं टेबलाशी आणलं. त्याने पट बघितला, होडी बोटाने जरा हलवून बघितली. मला वाटलं, जमलं. मग खेळ सुरू झाला.

“तुम्ही हा पत्ता टाका,” मामी म्हणाली. त्याने टाकला. “आता होडी इथे न्या. थांबा, मी नेते.” पुढच्या वेळी तिने नुसता पत्ता दाखवला. त्याच्या पुढच्या वेळी तिनेच उचलला आणि तिनेच टाकला. माणसं भराभर पलीकडे पोचत होती. “जिंकलो!” मामीने टाळ्या वाजवल्या. “बघा, दोघं जिंकलो!”

मामा उठला होता. काठी टेकत तो पुन्हा खिडकीशी गेला, आणि आम्हा दोघींकडे त्याने वळूनही पाहिलं नाही.

मामी सकाळीच खोका घेऊन दुकानात हजर. मी सोबत होतेच, कारण भांडण होणार हे दिसत होतं.

“खेळ वाईट आहे तुमचा,” मामी म्हणाली. “माणूस उठून गेला.”

मालकीणबाईंनी विचारलं, “दोघांचे डाव कोण ठरवत होतं?”

मामी खोक्याचं झाकण उगाच दाबत राहिली.

“सगळं उघडं असलं आणि खेळ फार सोपा असला की एकच माणूस दोघांचा खेळून टाकतो. हे मी तुम्हाला त्या दिवशी सांगत होते.”

“म्हणजे चूक माझी?”

“मी असं म्हटलं नाही.”

“म्हणायचं बाकी काय ठेवलंत?” मामी बाहेर जायला वळली. दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यावर उभी राहिली. मी तिच्या मागे होते. तिचा चेहरा दिसत नव्हता, पण पदराच्या टोकाशी तिची बोटं चाळा करत होती. बऱ्याच वेळाने ती परत आली. “तो दुसरा दाखवा,” ती म्हणाली, आणि या वेळी मालकीणबाईंचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला तिची इतकी दया आली की मी तिचा हात धरला. तिने तो झिडकारला.

दुसरा खेळ जरा अवघड होता. डोंगरावर शेळ्या पसरलेल्या, वरून धुकं उतरतंय, त्याआधी सगळ्या शेळ्या गोठ्यात आणायच्या. प्रत्येकाने आपापले पत्ते झाकून ठेवायचे. आणि मुख्य नियम असा, की डाव चालू असताना आपल्याकडे काय आहे, दुसऱ्याने काय करावं, यावर ब्र काढायचा नाही.

मामीने टेबलावर पट मांडला आणि खिडकीकडे बघून म्हणाली, “अहो, या खेळात मला बोलायला बंदी आहे. अख्खा डाव.”

मामा वळला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तो उठला आणि आपणहून टेबलाशी आला. हे ऐकून कोणीही आलं असतं.

तो डाव बघणं ही शिक्षा होती. मामाला एकेक पत्ता निवडायला इतका वेळ लागायचा की चहा निवून जायचा. मामीने ओठ घट्ट मिटलेले, मान ताठ, डोळे मात्र सगळं बोलत होते. तरी शेळ्या येत गेल्या. शेवटी एकच राहिली, कड्यापाशी, आणि धुकं तिच्या वर येऊन टेकलं होतं. पाळी मामाची. डावीकडची वाट मोकळी होती, मलासुद्धा दिसत होती. मामाने शेळी उचलली आणि उजवीकडे नेऊ लागला.

मामीचा हात सुटला. शेळीपर्यंत पोचलाच होता, तेवढ्यात मामाने शेळी खाली ठेवली आणि आपला डावा हात आडवा पसरला, तळवा जमिनीकडे, आणि सावकाश इकडून तिकडे फिरवला.

क्रेनच्या कामात इशारा एकाच माणसाचा ऐकायचा असतो. फक्त ‘थांब’चा हा इशारा कोणीही दिला तरी चालतो, झाडूवाल्याने दिला तरी, आणि तो दिसला की जे चाललंय ते जागच्या जागी थांबवायचं. का, ते विचारायचं नाही. मामाने हे आम्हाला लहानपणी शिकवलं होतं आणि मामीलाही ते ठाऊक होतं. तिचा हात हवेत तसाच राहिला. मग तिने तो मागे घेतला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.

मामाने शेळी उजवीकडे ठेवली. धुक्याचा पत्ता उलटला. धुकं उजवीकडेच आलं. शेळी गेली, डाव गेला.

मामा पटाकडे बघत होता. त्याचे ओठ हलायला लागले. “मा…” तो म्हणाला. “मा…” पुढचा शब्द मला कळला होता, म्हणजे मामीला केव्हाच कळला असणार. तिच्या ओठांवर ते नेहमीचं ‘असू दे’ येऊन थांबलेलं मला दिसलं. पण ती थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी ती थांबली.

“माझं,” मामा म्हणाला. बराच वेळ गेला. “चुकलं.”

मामीने श्वास घेतला.

“चुकलंच,” ती कडाडली. “धडधडीत चुकलं! डावीकडची वाट रिकामी पडलेली आणि तुम्ही धुक्यात नेऊन घातलीत! डोळे कुठे होते तुमचे?”

मामा हसायला लागला. अर्धंच तोंड हलत होतं, पण हसू मोठं होतं, आवाज पार रस्त्यावर गेला असेल. मामी थांबायला तयार नव्हती, पहिल्या चालीपासून सगळ्याचा हिशेब मागत होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंड चाललं होतं. मामा एका हाताने शेळ्या गोळा करून पुन्हा डोंगरावर मांडायला लागला. एक घरंगळून टेबलाच्या कडेला आली. मामीच्या अगदी हाताशी होती. तिने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि मामाने अंग ताणून, वेळ घेऊन, ती स्वतः उचलली.