बावीस पावलांची रेघ

डोळे उघडले तेव्हा भावसिंगच्या नाकाशी चप्पल होती. टायरच्या तळव्याची, खिळे मारलेली. ती धरणारा हात त्याच्या साळ्याचा, किसनसिंगचा होता.

"हुंगा भाऊजी, अजून हुंगा."

भावसिंगने चप्पल झटकली. जीभ चावली गेली होती. धोतर ओलं झालं होतं. खडीकामावरच्या बाया-माणसं भोवती उभी होती. त्याचा वाफेचा रोलर रस्ता सोडून कडेच्या मुरमात उतरला होता आणि बाभळीपासून दोन हातांवर थांबला होता. रोलरवर चढल्याचं त्याला आठवत होतं. उतरल्याचं आठवत नव्हतं.

आपल्याला न आठवणारी गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून घ्यावी लागते. भावसिंगचा तो स्वभाव नव्हता.

एकसष्ट सालचा जानेवारी होता. घाटंजीकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम त्यांच्या तांड्यापासून कोसावर आलं होतं. भावसिंगचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरला, बापाने कोरडवाहू जमीन कसली, आणि भावसिंग इंजिनावर बसला. बारा वर्षांत त्याच्या रोलरने कुणाचं कोंबडंही चिरडलं नव्हतं. किसनसिंगला खलाशी म्हणून त्यानेच लावून घेतलं. कोळसा टाकणं, पाणी भरणं, लाल झेंडी घेऊन पुढे चालणं, सगळं शिकवलं. मोकळा रस्ता असला की कधीमधी रोलर वळवायचं चक्रही धरायला दिलं.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला चार प्रश्न विचारले आणि त्याच्या बायकोला, सुखीबाईला, दहा. मग म्हणाले, "फेफरं आहे. इंजिन बंद. विहिरीच्या काठावर आणि चुलीजवळ एकट्याने बसायचं नाही." पांढऱ्या गोळ्यांची पुडी दिली. लायसन कचेरीत जमा झालं. रोलर चालवायला किसनसिंगचं नाव वर गेलं आणि मंजुरी येईपर्यंत काम थांबलं.

घरी आल्यावर भावसिंगने बायकोला गाठलं.

"तू डॉक्टरले काय सांगतलं?"

"जे पाह्यलं ते."

"काय पाह्यलं?"

"पोळ्याच्या वक्ताले झोपेत हातपाय झाडले तुमी. त्याच्या पयले अजून एकडाव."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी मानलं असतं?"

"मानतो कसा? भाऊ-बहीन मिळून मले खाली उतरवलं. भावाले चक्र पाह्यजे, बहिनीनं डॉक्टरले साक्ष देल्ली."

सुखीबाईने भाकरी तव्यावर उलटली. "हो. अन् जीभ बी मीच चावली तुमची."

त्यानंतर तो घरात कमी बोलू लागला. किसनसिंग उजव्या तळहाताला चिंधी बांधून येई. विचारलं की म्हणे, वाफेच्या नळीनं भाजलं. भावसिंगला ती चिंधी जरा जास्तच मोठी वाटे. गोळी घेतली की त्याला झोप येई. झोपलेला माणूस भांडत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. चौथ्या दिवसापासून तो गोळी जिभेखाली धरी आणि बाहेर जाऊन कुडाच्या फटीत खोची.

त्याने हिशोब बसवला होता. त्या दिवशी तो उपाशी होता. चक्कर आली असेल. चक्र किसनच्या हातात असेल. पोराला रोलर आवरला नाही, तो कडेला गेला, आणि स्वतःची चूक झाकायला त्याने भाऊजीच्या अंगावर फेफरं टाकलं. यात न बसणारी एकही गोष्ट भावसिंगला दिसत नव्हती. घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी त्याने अर्जनविसाकडून तसा अर्ज लिहून घेतला. घटनेच्या वेळी चक्र किसनसिंगकडे होते, चौकशी व्हावी, लायसन परत मिळावे. चौकशी लागली असती तर किसनसिंगची नोकरी जाणार होती. अर्जाची घडी त्याने बंडीच्या खिशात ठेवली.

ओव्हरशियर श्रीकृष्णराव देशमुख सोमवारी साइटवर येणार होते. मंजुरी आली होती, काम सुरू व्हायचं होतं. भावसिंग उजाडताच पोचला. त्याला पुरावा हवा होता, आणि तो कुठे असेल हे त्याला ठाऊक होतं.

रोलर चालवणं लोकांना सोपं वाटतं. रोलर माणसापेक्षा हळू चालतो, त्यात काय? पण चक्रापासून पुढच्या लोखंडी चाकापर्यंत साखळी असते आणि साखळीत ढिलाई असते. चक्र फिरवलं की आधी साखळी ताणते, मग चाक वळतं. म्हणून हात कधी निवांत नसतो. थोडं इकडे, थोडं तिकडे, दिवसभर. संध्याकाळी खांदे भरून येतात. लोकांना जी रेघ सरळ दिसते तिला बारीक लाटा असतात. भावसिंगच्या लाटा चार बोटांच्या. किसनच्या वीतभर. किसनचा हात होता की नाही, हे मुरूमच सांगणार होता.

त्या दिवशी कडेच्या मुरमावर पाणी मारलेलं होतं. आठ दिवसांच्या उन्हाने तो कडक वाळला होता, आणि गाड्या जाऊ नयेत म्हणून दोन्हीकडे धोंडे लावलेले होते. ठसे जसेच्या तसे होते.

भावसिंग मागून चालत आला. आधी त्याच्या स्वतःच्या चार बोटांच्या लाटा होत्या. मग एका जागी लाटा संपल्या. पुढे एकच रेघ, उताराकडे सावकाश वळत गेलेली, पाणी ओघळावं तशी. वीतभर लाट नाही, बोटभर नाही. तो पुन्हा मागे गेला. पुन्हा आला. वाकून चाकाच्या ठशाच्या कडेवरून बोट फिरवलं.

चक्रावर कुणाचाच हात नव्हता.

मग त्याला पावलं दिसली. समोरच्या बाजूने धावत आलेली, टाचा न टेकता. टायरच्या नक्षीची. रोलरला बगल देऊन ती वळली होती आणि चाकाच्या बाजूने उलट धावली होती. तिथून डाव्या पायात चप्पल होती, उजवा पाय उघडा. पाचव्या पावलाला अंगठा मुरमात रुतला होता आणि त्यापुढे पाऊल नव्हतं. तिथून तो वर चढला. पुढे दोन हातांवर रेघेला एकच झटका, आणि थांबा. चढताना धरायला तिथे वाफेच्या नळीशिवाय काही नसतं, हे भावसिंगइतकं कुणाला माहीत?

त्याने लाटा संपल्या तिथपासून पावलं मोजली. बावीस भरली. बावीस पावलं रोलर चालला आणि त्यावर भावसिंग असून नव्हता.

"कायले मोजून राह्यले ड्रायव्हर?" मागून बिजलीबाई आली. ती खडी टाकणारी. पाठीला तिचं सहा महिन्यांचं पोर बांधलेलं होतं. "मुरूम चोरीले गेला का?"

भावसिंगने बाभळीकडे बोट केलं. "त्या दिशी पोराची झोळी कोनत्या फांदीले होती?"

बिजलीबाईचं हसू गेलं. तिने खालच्या फांदीला हात लावला.

तिच्या हाताखालून झटका जिथे होता तिथवर भावसिंगने नजरेने माप घेतलं. दोन हात. मग तो धोंड्यावर बसून राहिला.

नऊ वाजता श्रीकृष्णराव सायकलवरून आले. "भावसिंग, तू अर्ज देणार आहेस असं ऐकलं. द्यायचा तर आज दे. आज ही कड दाबली जाईल."

किसनसिंग रोलरपाशी उभा होता. त्याने ऐकलं. मान खाली घातली.

भावसिंगने खिशातला कागद काढला, चार तुकडे केले आणि रोलरच्या भट्टीत टाकले. "अर्ज नाई सायेब."

"मग झेंडी घे. हलकं काम आहे. पगार कमी मिळेल, पण नोकरी राहील."

"झेंडी नको."

"का? कमीपणा वाटतो?"

"झेंडीवाला रोलरच्या पुढं चालते. मी मधातच पडलो तं? आपल्या भाऊजीवरून चाक गेलं म्हनून हा जनमभर रडत बसन." त्याने ढिगाऱ्याजवळची धुम्मस उचलली. कडेला, जिथे रोलर पोचत नाही तिथे, ती हातांनी आपटून मुरूम बसवायचा. कामावरचं सगळ्यात जड काम. "मी मागं राह्यतो."

"इतकं जड जमेल?"

"पाहा अन् मंग सांगा."

किसनसिंग वर चढला. हातावर चिंधी होतीच. वाफ सोडली, रोलर हलला, आणि त्या बावीस पावलांवर पहिला फेरा गेला. भावसिंग मागून धुम्मस आपटत आला. पंचवीस ठोके, मग एक पाऊल पुढे. दुपारपर्यंत थांबला नाही. जेवणाच्या सुट्टीत सुखीबाईने फडक्यात बांधून दिलेली गोळी सोडली, उलटसुलट करून पाहिली, वासही घेतला, आणि पाण्याबरोबर गिळली.

किसनसिंग जवळ येऊन बसला, पण हातभर अंतर ठेवून.

"रेघ कशी आली भाऊजी?"

भावसिंगने नव्या रेघेकडे पाहिलं.

"वीतवीतभर लाटा हायेत. लाज वाटते पाहून." तो धुम्मस घेऊन उठला. "पन हात हाय. चल, ऊठ."