ठोका जागेवर आहे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही—बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुमची माझी ओळख नाही. ओळख असती तर सांगितलं असतं का? नसतंच बहुधा.

मी डॉक्टर आहे. नल्लकुंट्यात दवाखाना आहे, आणि आठवड्यातून दोनदा विद्यार्थ्यांना छाती तपासायला शिकवतो. आधी बघा, मग हात ठेवा, स्टेथोस्कोप शेवटी. डाव्या स्तनाखाली, पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मध्ये हृदयाचा ठोका बोटांना लागतो. तोच काखेकडे सरकला असेल तर हृदय मोठं झालंय असं समजा. मुलं म्हणतात, हात ठेवायच्या बाबतीत सर फारच कडक आहेत. का आहे, ते त्यांना कुठून कळणार?

लीलाकाकू आमच्या शेजारी राहायच्या. शाळेत तेलुगू आणि इंग्रजीच होतं, त्यामुळे मराठी वाचायला मी शिकलो ते त्यांच्या स्वयंपाकघरात. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी काका त्यांना दवाखान्यात घेऊन आले. जिना चढताना दम लागतो म्हणाल्या. टेबलावर आडव्या झाल्या आणि स्वतःच पदर बाजूला करू लागल्या. मी म्हणालो, "राहू द्या, काकू."

लाजलो हो—चाळिशीचा डॉक्टर आणि लाजलो. जिनं मला वरणभात भरवला तिच्या छातीवर हात कसा ठेवायचा? नर्स बाहेरच होती. तिला आत बोलवायचं, चादर पांघरायची, पाच मिनिटांचं काम. मी पदरावरूनच स्टेथोस्कोप टेकवला, कागदावर लिहिलं, 'ठोका जागेवर आहे', आणि रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या.

इथवर चूक म्हणून खपेल. पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे—तेच जड जातंय.

तीन आठवड्यांनी माधवीचा, त्यांच्या मुलीचा, शहराच्या दुसऱ्या टोकाहून, कुकटपल्लीहून फोन आला. "दादा, आईला आता उशीला टेकून बसल्याशिवाय झोप लागत नाही. मोठ्या हॉस्पिटलात नेते म्हटलं तर नक्को म्हणते. तू बघितलंयस म्हणते. छाती नीट बघितलीस ना?"

'नाही' म्हणायला कितीसा वेळ लागला असता? समोर दोन पेशंट बसले होते, त्यांच्यादेखत कसं म्हणणार? मी म्हणालो, "हात ठेवून बघितलंय. ठोका जागेवर आहे. परेशान नको होऊस."

ती परेशान झाली नाही. माझ्या शब्दावर विसंबून आईला हॉस्पिटलात नेलं नाही.

फोननंतर अकराव्या दिवशी काकू ओट्याशी कोसळल्या. काकांनी हाक मारली, मी धावत गेलो. श्वास घुसमटत होता, ओठ निळे पडले होते. त्या दिवशी मात्र मी ब्लाउज फाडून हात ठेवला. ठोका लागला—काखेच्या जवळ. बोटं हलवून शोधावंसुद्धा लागलं नाही. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत तो माझ्याच हाताखाली थांबला.

काका अजून चारचौघांत सांगतात, "डॉक्टर किती मर्यादेचा, पदरावरूनच तपासलं तिला." मी ऐकून घेतो. श्राद्धाला मला मानानं पहिल्या पंगतीत बसवतात. माधवी वाढते, "दादा, अजून थोडा भात घे," म्हणते. मी घेतो.