सकिना सिस्टर आणि जानीचा अंगठा

सकिना सिस्टर गेल्याचं मला नाशिकला कळलं ते तीन दिवसांनी. जव्हारहून आमच्या जुन्या कंपाउंडरचा फोन आला, तेव्हा दफनही उरकलं होतं. तुमचा नंबर शोधण्यात वेळ गेला, असं तो ओशाळून म्हणाला. चूक त्याची नव्हती. मोखाडा सोडल्यापासून मी तिथल्या कुणाला नंबर दिलाच नव्हता...

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी त्या तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात नवाकोरा डॉक्टर म्हणून रुजू झालो. तिथल्या नर्स सकिना सिस्टर, जव्हारच्या बाजारातल्या एका शिंप्याची मुलगी, तेव्हा कित्येक वर्षांपासून सूर्यमाळकडच्या पाड्यांवर पायी फिरून बाळंतपणं करत होत्या. पाड्यावरच्या बायकांशी त्यांच्याच बोलीत बोलायच्या, माझ्याशी शाळेतल्या मराठीत. रुग्ण काय म्हणतोय हे मला त्याच सांगायच्या, आणि तो काय म्हणत नाहीये तेही. पोट दुखतंय म्हणते, पण उपाशी आहे, असं त्या हळूच म्हणाल्या की मी गोळ्यांआधी पेज मागवायचो.

मार्च महिना होता. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचं वर्षाचं उद्दिष्ट अपुरं राहिलं होतं आणि वरून रोज विचारणा होत होती. शिबिरासाठी ठाण्याहून सर्जन आले होते, त्यांना दुपारी परतायचं होतं. जीपमधून आणलेल्या बायकांत जानी होती. विशीतली, दोन मुलांची आई. तिचा अंगठा संमतीच्या कागदावर उठला होता. सिस्टर तिच्याजवळ उकिडव्या बसून काहीतरी बोलल्या आणि थेट माझ्याकडे आल्या. जानीची समजूत होती की ऑपरेशनात नळीला मारलेली गाठ पुढे कधीही सोडता येते. जीपमध्ये बसवताना कुणीतरी तसं सांगितलं होतं. तिला आज परत पाठवू, घरी बोलून, समजून मग येऊ दे, असं सिस्टरांचं म्हणणं होतं.

मी घड्याळ पाहिलं. "अंगठा आहे ना?"

"अंगठा आहे, साहेब. होकार नाही."

आत घ्या, एवढंच मी म्हणालो. सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. जानीला केंद्रातल्या दुसऱ्याच बाईनं आत नेलं.

त्या पावसाळ्यात पाड्यावर गोवर आला. पोरं आधीच खंगलेली. जानीचा धाकटा मुलगा गेला, मग थोरली मुलगीही. भातकापणीनंतर सिस्टर तिला माझ्यासमोर घेऊन आल्या.

"गाठ सोड ना, डॉक्टर," जानी म्हणाली.

नळी पुन्हा जोडायचं ऑपरेशन मोठ्या शहरात होतं, त्याची खात्री नसते, असं मी काहीबाही सांगत राहिलो. सिस्टरांनी एकच मागितलं. त्या दिवशी संमती नव्हती, हे वरती लिहून द्या, म्हणजे निदान हिला मुंबईला पाठवायचा आग्रह धरता येईल. लिहितो, असं मी म्हणालो. आणि लिहिलं नाही... पुढच्या मार्चमध्ये पूर्ण समजावल्याशिवाय एकाही बाईला शिबिराला आणायचं नाही असं सिस्टरांनी ठरवलं. साहजिकच बायका कमी आल्या. त्यांच्याकडे खुलासा मागणाऱ्या मेमोवर सही माझी होती. त्यांनी तो वाचला, त्याची घडी घातली, लसींची पेटी खांद्याला अडकवली आणि पाड्याची वाट धरली. मी बदलीचा अर्ज केला.

गेल्या महिन्यात सिस्टरांच्या भावाला भेटायला जव्हारला गेलो आणि तसाच पुढे जानीच्या पाड्यावर चढलो. तिनं मला ओळखलं. सिस्टर गेल्याचं तिला माहीत होतं. त्या दिवशी जव्हारला जाऊन ती त्यांच्या घरी बायकांत बसून आली होती. मग तिच्याकडून कळलं, की दर वर्षी पावसाळा संपला की सिस्टर तिच्याकडे यायच्या. निवृत्तीनंतरही, एसटीनं आणि उरलेली वाट पायी.

काय बोलायच्या, असं मी विचारलं.

"काय नाय. बाई बसायची. माझ्या पोरांची नावा घ्यायची. मग जायची."

मी ओट्यावर खांबाला टेकून बसू लागलो, तेव्हा जानीनं मला थांबवलं.

"ती बाईची जागा," ती म्हणाली.

मी सरकून दुसरीकडे बसलो, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला तिच्या मुलांची नावं विचारली.