ते बाहेर बसलंय

समस्त मीरा-भाईंदरकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, एका शनिवारी सकाळी साडेअकरा वाजता, केबिन रोडवरच्या एका दवाखान्यात, भरल्या हॉलमध्ये, मराठी व्याकरणाने एका बाईला गाठून झोडपलं. बाई म्हणजे मी. साडी मोरपंखी, पदराची पिन जागच्या जागी, उजवी पोटरी सुजून दुधी भोपळा.

काउंटरवरच्या मुलीने केबिनचं दार अर्धं उघडलं आणि आत विचारलं, "सर, ते बाहेर बसलंय. पाठवू का?"

ते. बसलंय.

मी जेसल पार्कात इंग्रजी शाळेतल्या मुलांच्या मराठीच्या शिकवण्या घेते. तो पंखा, ती खुर्ची, ते टेबल. पोरं हमखास चुकतात, मी हमखास ओरडते. तिसऱ्या लिंगाचं पुस्तकी नाव आलं की वर्गात खसखस पिकते. नपुंसकलिंग. मीही हसते. लहानपणापासूनची सवय. आपण आधी हसलं की मार कमी बसतो.

त्या दिवशीही अख्खा हॉल वळून बघायला लागला आणि मी हसले. वर मान झुकवून सगळ्यांना नमस्कारही केला. नाटकी तर मी आहेच.

मी चव्वेचाळीस वर्षांची. त्यातली बेचाळीस 'तो' म्हणून काढली. मग ठरवलं, पुरे. बाई म्हणून जगायचं आणि त्यासाठीची हार्मोनची औषधं नीट डॉक्टरकडून घ्यायची. साडी नेसल्यावर शिकवणीची अर्धी पोरं गेली, अर्धी राहिली. ते सोपं होतं. डॉक्टर मिळणं अवघड. पहिला म्हणाला, आधी मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र आणा. आणलं. तर म्हणाला, "हो, पण मला यातलं काही येत नाही." दुसरी म्हणाली, आम्ही फक्त लेडीज बघतो. सिल्व्हर पार्कातल्या तिसऱ्याने सल्ला दिला, लग्न करा. बेचाळिसाव्या वर्षी! एखादं स्थळ असावं त्याच्याकडे.

शेवटी मेडिकलवाला पावला. "दीदी, सब यही लेते हैं." गर्भ राहू नये म्हणून बायका घेतात त्या गोळ्या. रोज चार. दीड वर्ष. अंग भरायला लागलं. आरशासमोर मी नाचून घेतलं.

मग एका सकाळी पोटरी सुजली. एकाच पायाची. गरम, दगडासारखी.

माझी मैत्रीण रेशमा, माझ्यासारखीच, मीरा रोडला राहते. तिला फोन केला. ती नेहमी शिव्या देऊन सुरुवात करते. त्या दिवशी दिल्या नाहीत. म्हणाली, "रक्ताची गाठ असेल. गोळ्या बंद कर आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा. आणि ऐक, आधी पाय बघायला लाव. पाय न बघता कुणी हार्मोनची सुई मारायला लागला तर पळ. आपल्यातली एक बहीण अशीच गेली."

म्हणून मी तिथे बसले होते. बसलं होतं.

डॉक्टर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. मी सगळं सांगितलं. गोळ्या, दीड वर्ष, पोटरी. त्याने पेन खाली ठेवलं.

"ऑपरेशन झालंय का? खाली काय आहे?"

"डॉक्टर, दुखतोय पाय."

"टाळी वाजवता येते?" काउंटरवरची मुलगी दारातच उभी होती. तिला म्हणाला, "बघ गं, असं काही रोज येत नाही." मग माझ्याकडे, "काय करतोस? करतेस? का करतंस?"

मुलगी तोंडावर हात धरून हसली.

मी पण हसले. हे मला लिहायलाच हवं. मी पण हसले.

"शिकवते," म्हटलं.

"मग उभं राहून सुजणारच. गोळ्या चालू ठेव. एक इंजेक्शन देतो, महिन्याला एक. सहा महिन्यांत हिरोईन." आणि तो सिरिंज भरायला लागला. सुई वर धरून त्याने हवा काढली. एक थेंब टेबलावर पडला. तो माझ्या दंडाकडे आला आणि माझं हसू तोंडावरच वाळलं. मोठ्याने हसून मार चुकवता येतो. सुई नाही चुकवता येत.

मी उठून उभी राहिले.

"तुम्ही माझ्या पोटरीला हात लावलेला नाही. बीपी घेतलेलं नाही. रक्त तपासलेलं नाही. ही सुई मी घेणार नाही."

"मला शिकवतोस?"

"शिकवतेस. आणि मी मोठी आहे तुमच्यापेक्षा. शिकवता, म्हणा."

त्याच दुपारी दुसरीकडे सोनोग्राफी केली. गाठच होती. आता रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. हार्मोन बंद. दाढी परत खरखरीत व्हायला लागली आहे आणि आरशाकडे मी पाठ फिरवते, हेही लिहून ठेवते. पण थांबले म्हणजे सोडलं नाही. मी डॉक्टर शोधतेय. नव्या दवाखान्यात खुर्चीवर टेकायच्या आधी उभ्यानेच विचारते. माझ्यासारख्या किती जणींना औषध दिलंत? रक्तात काय काय बघता, किती महिन्यांनी? पायात गाठ होऊन गेली, तर काय देणार? उत्तर नसेल तर निघते. काल पाचवा झाला. सहाव्यालाही विचारणार, सोळाव्यालाही. माझं अंग कुणाच्या अंदाजावर चालणार नाही.

हे त्या शनिवारी केबिनच्या दारातच ठरलं. दार सताड उघडून मी हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "जो बीपी न बघता सुई भरतो, त्याच्या हातात मी दंड देणार नाही!"

समोरच्या बाकावर राई गावातली एक म्हातारी बसली होती, पिशवी मांडीवर, सुईसाठी बाही आधीच वर केलेली. तिने माझ्याकडे बघितलं, केबिनकडे बघितलं, बाही खाली ओढली आणि ओरडली, "आगो बाय! वरीस झाला सुया मारतो, माजा बीपी तरी कवा बगला यानी?"