दाढ उजेडात धरणारे मामा

काढलेली दाढ बाटलीतून वर आणली, की मामा आधी ती खिडकीच्या उजेडात धरत आणि मग म्हणत, "जिवंत हाय, मॅडम. घ्या." नाशिकमधल्या आमच्या दंत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस होते. ओपीडीतून दाढा आणायच्या हे त्यांचं काम. त्या दाढांच्या गाभ्यातल्या मूळ पेशी काढून वाढवायच्या हे माझं.

तुमच्याही ऑफिसात असे एखादे मामा असतील, ज्यांना साहेबांपेक्षा जास्त कळतं. एकदा मी त्यांना सांगितलं, की या पेशींना जंतूंची चाहूल लागते. थोडे आले तर त्या दाताच्या आतून नवी भिंत उभारतात, फार झाले तर स्वतःच कोलमडतात. मामा हसले. "म्हंजी आमच्या सिन्नरच्या आईसारखं. दोन पाव्हणे आले, की लगेच चूल पेटवती. वऱ्हाड आलं, की हातरूण धरती." ही उपमा मी सेमिनारमध्ये सांगून टाळ्या घेतल्या. मामांचं नाव काही घेतलं नाही.

मग विंचूरच्या एका पेशंटची दाढ आली. मामा म्हणाले, "ही नका घेऊ. कीड पार आत गेलीये, लय वास येतोय." मला प्रबंधाची घाई. "तुम्ही फक्त आणून द्या," मी फटकारलं. तिसऱ्या दिवशी त्या पेशींचा फ्लास्क गढूळ झाला आणि पेशी वाढवायच्या त्याच उबदार पेटीतले बाकीचे फ्लास्कही नासले. सहा महिन्यांचं काम गेलं. माझ्या गाइड सरांनी विचारलं, "कुणाचा हलगर्जीपणा?" माझ्या तोंडून निघालं, "मामा हात न धुताच आत येतात."

दुसऱ्याच दिवशी त्यांची बदली भांडारात झाली. पुढे त्या दाढेचा उरलेला तुकडा मी तपासला, तर गाभ्यात फ्लास्क नासवणारेच जंतू निघाले. तो निकाल मी फाइलच्या तळाशी सारला. सांगू सांगू म्हणता दोन वर्षं गेली. भित्री होते मी, दुसरं काय!

मामा निवृत्त झाले तेव्हा भांडारातच छोटासा निरोप समारंभ झाला. मी पेढ्यांचा बॉक्स त्यांच्यापुढे धरला. त्यांनी दोन्ही हात उलटेसुलटे करून मला दाखवले. "धुतलेत, मॅडम," म्हणाले आणि मगच पेढा उचलला. आवाजात टोमणा नव्हता; असता तर बरं झालं असतं.

सर माझ्या शेजारीच उभे होते; त्यांना खरं सांगायला हीच वेळ होती. मी बॉक्स त्यांच्यापुढे केला.