दुर्गाघाटचा तज्ज्ञ आणि लाल स्पोर्ट्स कार

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, स्वस्त स्पोर्ट्स कार कशी असावी हे ठरवण्यासाठी आमच्या कंपनीने साऱ्या बनारसमधून ज्या एकमेव माणसाची निवड केली, त्याच्या दारापर्यंत मोटार जाऊच शकत नाही.

हा माणूस म्हणजे माझा मावसभाऊ अरविंद. राहणार दुर्गाघाटच्या अरुंद गल्लीत, नोकरी बँकेत, वाहन स्कूटर. मोटारींची मासिकं मात्र पोथीसारखी वाचायचा. आणि मी? नव्वदच्या दशकात मी बनारसच्या एका शोरूममध्ये सेल्स मॅनेजर होतो. गाड्या मी विकायचो. मत त्याला विचारलं गेलं.

त्याचं असं झालं. पुण्याहून हेड ऑफिसचे साने साहेब आले. तरुणांना परवडेल अशी दोन दारांची गाडी काढायची होती, म्हणून शहरातल्या शौकिनांशी बोलायचं होतं. ज्याचं बोलणं पटेल त्याला पुण्याला 'क्लिनिक'साठी नेणार होते. क्लिनिक म्हणजे दवाखाना नव्हे. गाडीचा नमुना हॉलमध्ये ठेवतात, निवडक लोकांना दाखवतात आणि त्यांची मतं टिपून घेतात. मी मनातल्या मनात बॅग भरून ठेवली होती. अरविंदाला मीच बोलावलं, केवळ खुर्च्या भरायला.

"सीट एकदम खाली हवी, साहेब," अरविंद म्हणाला. "आणि सस्पेन्शन कडक."

सस्पेन्शन म्हणजे चाकाला बसलेला खड्डा आपल्या कमरेला कळू नये म्हणून केलेली सोय. अरविंदाला तो कळायला हवा होता.

मी घसा साफ केला. "साहेब, इथे नवी गाडी आधी देवळात जाते. सगळं घर बसतं, शिवाय कलश घेऊन पंडितजी. आईला कुठे बसवायचं?"

"दादा, स्पोर्ट्स कार आहे ती. वऱ्हाडाची बस नाही!"

साने साहेब खो खो हसले. वरिष्ठांना हसवण्यात माझी हयात गेली होती. माझ्या विनोदाला असं कुणी हसलं नव्हतं.

अरविंद पुण्याला गेला. विमानाने! मावशीने ही बातमी घाटावरच्या प्रत्येक घरात पोचवली. माझी आई मला म्हणाली, "तूही मासिकं वाचत जा ना रे थोडी."

यथावकाश गाडी आली. लालभडक. मी स्वतः ती पुलावरून रामनगरला नेऊन आणली. इतकी सुरेख चालली की माझं डोकंच दुखायला लागलं. समाधान एवढंच की कुणी ती घेईना. शौकीन थव्याने यायचे, बॉनेटवरून हात फिरवायचे, आमचा चहा प्यायचे आणि आपापल्या स्कूटरवरून घरी जायचे. त्यांत अरविंद रोजचा.

शेवटी रामनगरचे साड्यांचे व्यापारी गुप्ताजी यांनी मुलाच्या हट्टापायी एक गाडी बुक केली. शहरातली पहिली डिलिव्हरी म्हणून साने साहेब जातीने आले. गाडीत काही बदल करायचे होते, त्यासाठी पुन्हा क्लिनिक होतं, आणि त्याला कोण जाणार हेही ते तिथेच ठरवणार होते. अरविंद इस्त्रीचा शर्ट घालून हजर. मी शेजारी एक चार दारांची मोठी गाडी धुऊन, पुसून, हार घालून उभी केली होती. सहज.

गुप्ताजी आले. सोबत बायको, मुलगा, म्हाताऱ्या अम्मा आणि कलश घेतलेले पंडितजी. पूजा झाली, नारळ फुटला. मग गुप्ताजींनी आत डोकावून पाहिलं. मागे एक पिशवी मावेल एवढी जागा.

"दामलेजी, अम्मा कहाँ बैठेंगी?"

अहाहा! या वाक्यासाठी मी किती वाट पाहिली होती.

"यही सवाल हमने भी पूछा था, गुप्ताजी," मी साने साहेबांकडे बघत म्हणालो. साहेबांचा चेहरा उतरला. अरविंद वाकून टायर निरखू लागला.

मी मोठ्या गाडीचं दार उघडलं आणि वळलो, तर अम्मांनी काठी सुनेच्या हातात दिली होती आणि त्या लाल गाडीत पुढच्या सीटवर धपकन बसल्या होत्या. पाय लांब पसरून.

"अम्माजी, इधर आइए. इसमें सब लोग बैठेंगे."

"सबको काहे बैठाना है?" अम्मा कडाडल्या. "जिंदगी भर बीच में दबके बैठे हैं. आज आगे बैठेंगे. बाकी लोग रिक्शा से आवें!"

नातवाने स्टार्टर मारला. गाडी गेली. मागोमाग रिक्षातून कलश सावरत पंडितजी, आणि दुसऱ्या रिक्षात गुप्ताजी सपत्नीक.

इतकी वर्षं गाड्या विकून मी एवढंच शिकलो: गाडी पळावी कशी, हे शौकिनांना जरूर विचारावं; त्यांना ते खरंच कळतं. पण ते घेत नाहीत. घेणार कोण, हे आम्हा विकणाऱ्यांना कळतं असं आम्हाला वाटतं. आणि जी व्यक्ती त्या गाडीत बसणार, तिला विचारायचं दोघांच्याही डोक्यात येत नाही.

हे शहाणपण अर्थात नंतरचं. त्या क्षणी साने साहेबांनी अरविंदाच्या पाठीवर थाप मारली. "अम्मा ऐसपैस बसल्या ती खाली घेतलेली सीट तुझीच कल्पना! पुढच्या क्लिनिकलाही..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी भर शोरूममध्ये ओरडलो, "साहेब, अम्मांना न्या! हवं तर पंडितजींना न्या! पण ह्याला पुन्हा विमानात बसवू नका!"